तिसरं पान

"पण का येणार नाही, बुवा? कारण तरी सांगा!"

विश्राम थोरवे ओसरीसमोर उभा राहून पुन्हा पुन्हा हेच विचारत होता. अमृतबुवा खाली मांडी घालून पत्रावळ टाचत होते. एक पान, त्याच्या कडेवर दुसरं पान, मध्ये बांबूची काडी.

"ऐकताय ना?"

"कान शाबूत आहेत."

"मग बोला की!"

बुवांनी तिसरं पान उचललं आणि उन्हाकडे धरून त्याला भोक आहे का ते पाहिलं.

हा विश्राम म्हणजे आमच्याच मठाचा मुलगा. आईबाप लहानपणी गेले, तेव्हापासून इथंच वाढला. बुवांनी त्याला पाढे शिकवले आणि पुढं शहरात धाडलं. आता तो डॉक्टर थोरवे आहे, मोठा शास्त्रज्ञ. अणूच्या पोटातलं काही शोधलं म्हणून त्याला दिल्लीचा पुरस्कार मिळाला होता. दुसऱ्या दिवशी खालच्या टेकवडे गावात त्याचा सत्कार ठरला होता आणि शाल बुवांच्या हातून घालायची होती. ती शालही तोच खोक्यात घालून घेऊन आला होता. आपल्या सत्काराची शाल आपणच विकत आणायची, असा जमाना आलाय.

मी केरबा. डोंगरावरच्या ह्या मठाचा स्वयंपाक बघतो. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि मला गोड करून सांगायची सवय नाही.

"स्टेज बघा तर खरं," विश्राम म्हणाला. "मधोमध मोठी खुर्ची, माझी. शेजारी तुमची. बाकी सगळे खाली. तुम्हीच नसलात तर गाव काय म्हणेल?"

"गाव जेवून घरी जाईल."

"ही थट्टेची वेळ नाही!"

"नाहीच," बुवा म्हणाले.

विश्राम ओसरीच्या कडेला बसला. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. स्वयंपाकघरातून कुळथाच्या आमटीचा वास येत होता, तो त्याच्याही नाकात गेला असणार.

"केरबा, पान वाढ रे. सकाळपासून नुसत्या चहावर आहे."

मी बुवांकडे पाहिलं. बुवा म्हणाले, "तिसरा येऊ दे."

आमच्या मठात एकट्याचं पान मांडत नाहीत. दोघांचंही मांडत नाहीत. बाहेरून आलेली तीन माणसं जमली की मग पंगत बसते. मठातली माणसं त्यांत धरत नाहीत, ती मागून जेवतात, आणि बुवा सगळ्यांच्या शेवटी. बुवांच्या गुरूंनी घालून दिलेली ही रीत, कारण त्यांनीही कधी सांगितलं नाही. एरवी कुणी ना कुणी चढून येतंच. त्या दिवशी उन्हानं वाट ओस पडली होती, आणि भात माझ्या डोळ्यांसमोर निवत होता.

विश्राम भडकला. "अजून तेच चाललंय? भुकेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं, हा कुठला धर्म? आणि तिसरा म्हणे! इथं दुसरा तरी कुठं आहे? मी एकटाच आलोय."

"एकटाच?"

"एकटाच!"

बुवांनी काडी दातांत धरून तोडली.

मला खरं म्हणजे तेव्हाच तोंड उघडायचं होतं. पण बुवांनी सकाळी बजावून ठेवलं होतं, म्हणून मी गप्प राहिलो.

"बरं," बुवा म्हणाले, "सत्कार कशाचा, ते तरी मला कळू दे. मला समजेल असं सांग."

विश्राम जरा खुलला. विद्येचं नाव काढलं की हा लहानपणीही भूक विसरायचा, ते एक मान्य करायला हवं.

"शिशाचा अणू घ्यायचा. त्याच्या गाभ्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात. त्यांच्याही पोटात क्वार्क असतात, सगळ्यांत बारीक. असे दोन गाभे उजेडाच्या वेगाजवळ नेऊन समोरासमोर आदळवतात. क्षणाचा बारीकसा तुकडा, तेवढ्यापुरतं सगळं वितळतं. कोण कुणाचं, काही उरत नाही. क्वार्क मोकळे होतात."

"मग?"

"मग ते निवतं. निवताना क्वार्क पुन्हा एकमेकांना धरतात. दोघांची जोडी होते किंवा तिघांचं त्रिकूट. प्रोटॉन म्हणजे तिघं."

"आणि एकटा?"

"एकटा नसतो."

"नसतो म्हणजे?"

"म्हणजे आजवर कुणी पाहिला नाही. एकट्याला ओढून काढायला गेलं की ओढण्याचा जोरच एवढा वाढतो की त्या जोरातून नवे क्वार्क जन्मतात आणि त्याला येऊन चिकटतात. एकटा कधी बाहेर येतच नाही."

"समजा, त्याच्यात रग फार आहे. सगळ्यांना मागं टाकून पळाला तर?"

"पळतात ना तसे. पण त्यांनाही ते चुकत नाही. पळणाऱ्याच्या मागं दोर ताणल्यासारखा ताण पडतो आणि दोर तुटतो. तुटल्या जागी नवे जन्मतात. त्यांना बरोबर घेऊनच तो बाहेर पडतो, आणि वेग वाटला जातो तो वेगळाच."

बुवांनी पत्रावळ उलटी करून पाहिली. एक काडी सुटत होती, ती पुन्हा खोचली.

"ह्यात तू काय शोधलंस?"

"क्वार्कमध्ये एक जड जात असते. चार्म म्हणतात तिला. सगळे धरून चालले होते की जड आहे, तो आपल्याच जोरावर बाहेर येत असणार. पण आदळल्यानंतर जी त्रिकुटं सापडत होती ती हिशेबापेक्षा जास्त होती. का जास्त, ते मी मांडून दाखवलं. जड क्वार्क गर्दीतून जाताना शेजारून त्याच दिशेनं चाललेले दोन हलके क्वार्क धरतो. तिघांचा जोर एक होतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय त्या जडाचा वेग! पण त्यातला काही वेग त्या हलक्यांचा असतो."

बुवांचे हात थांबले.

"ही जोडणी होताना कुणी पाहिली?"

"कुणीच नाही. ती दिसत नाही. जे बाहेर येतं तेवढंच यंत्राला दिसतं."

"असं..." बुवा म्हणाले. "मग चोरी तिथंच होत असेल."

विश्रामचा चेहरा एकदम बदलला.

"काय म्हणालात?"

बुवा पत्रावळीला काडी लावत राहिले.

"म्हणजे ती इथवर पोचली तर! जुलेखानं पत्र धाडलं का तुम्हाला? म्हणून सत्काराला येत नाही तुम्ही?" विश्राम उठूनच उभा राहिला. "अहो, माझी विद्यार्थिनी होती ती! मी तिला घेतलं, बसायला जागा दिली, कामाला लावलं. आज म्हणते, मांडणी माझी होती! तो सदानंद पाटोळे, माझाच दुसरा विद्यार्थी, तोही तसाच. तो निदान मुकाट्यानं काम सोडून गेला. हिनं मात्र माझ्या नावानं गावभर बोंब मारलीय. कृतघ्न आहेत एकजात! हलक्या माणसांना वर घेतलं की हे असं होतं."

आत स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण दाणकन पडलं.

माझ्या हातून नाही. मी बाहेरच होतो.

जुलेखा मुजावर दारात येऊन उभी राहिली. हाताला पीठ होतं. सकाळच्या एस.टी.नं ती एकटीच आली होती. बुवांनी तिचं सगळं ऐकून घेतलं होतं आणि एवढंच म्हणाले होते, "बाळ, जेवून जा." एकटीचं पान मांडायचं नव्हतं, म्हणून तीही उपाशी. नुसतं बसवेना, तशी माझ्याबरोबर भाकरी थापायला लागली होती. भाकरी तिला बरी जमत नव्हती, पण रागाच्या भरात थापत होती.

"सर," ती म्हणाली, "ते पुन्हा एकदा म्हणा. हलक्या माणसांना."

विश्राम तिच्याकडे बघतच राहिला.

"तू? इथं?"

"दुसऱ्या कुणाकडं जाऊ? तुम्ही ह्या एका माणसाचं ऐकता, असं तुम्हीच सांगायचात. मला शाल नको, सर. पुरस्कार तुम्हीच ठेवा. पण हलके क्वार्क धरल्याशिवाय आकडा जुळत नाही, हे तुम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितलं? तुम्ही हसला होतात. पोरखेळ आहे म्हणाला होतात. सदानंदनं आणि मी तो पोरखेळ तडीस नेला. यंत्राच्या आकड्यांशी ताडून पाहणं सदानंदचं, मांडणी माझी. आणि ती जगापुढं कशी ठेवायची ते तुमचं, तेही मी नाकारत नाही. पण आमचं नाव कुठंच नाही! परवा एका नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं, थोरवे सरांच्या कामात तुमचा हात किती? मी सांगितलं. ते हसले, सर. खोटारडी समजले मला!"

तिनं पिठाच्या हातानंच डोळे पुसले.

"अशी कामं गटानंच होतात," विश्राम म्हणाला. "नाव प्रमुखाचं लागतं. जगभर हीच पद्धत आहे."

"जगभर?" बुवांनी मान वर केली. त्यांचे डोळे लाल झाले होते. इतक्या वर्षांत मी बुवांना असं रागावलेलं पाहिलं नव्हतं. "तुझ्या त्या क्वार्कांच्या जगात कशी आहे पद्धत, ते सांग! तिघं होते, हे तुला कळलं कसं? जोडणी तर दिसत नाही म्हणालास."

"त्याचं... त्याचं गणित असतं."

"सांग."

"सगळा वितळलेला लोंढा एका बाजूला जास्त जोरानं पसरतो. त्या लोंढ्याचा कल बाहेर आलेल्या कणात उतरतो. दोघांचा कण असेल तर कल साधारण दुप्पट, तिघांचा असेल तर तिप्पट. तेवढ्यानं भागलं की प्रत्येकाचा वाटा सारखा निघतो."

"म्हणजे बाहेर आलेला कण सांगतो, की आम्ही तिघं होतो."

"...हो."

"लपवत नाही?"

"त्याला लपवता येत नाही, बुवा."

"जीव नाही त्याच्यात! आईबाप नाहीत, गुरू नाही, कुणी पाढे शिकवले नाहीत. तरी लपवत नाही!" बुवांनी टाचलेली पत्रावळ जमिनीवर आपटली. "आणि तुला मी शिकवलं रे, विश्राम. मी!"

भिंतीवरची पाल चुकचुकली.

विश्रामनं शालीचं खोकं उचललं. "मी निघतो. उपाशी ठेवायचं आणि वर अपमान करायचा, एवढ्यासाठी मी चढून आलो नव्हतो. नाही आलात तर नका येऊ सत्काराला."

"जा," बुवा म्हणाले. "गाडी तूच चालवतोस?"

"ड्रायव्हर आहे."

"कुठं आहे?"

"खाली. गाडीत."

"जेवला?"

विश्रामनं खालच्या पायऱ्यांकडं पाहिलं. त्याला माहीतच नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"मघाशी म्हणालास, एकटाच आलोय."

"बुवा, ड्रायव्हर म्हणजे काही..."

मठाची रीत ह्याला लहानपणापासून पाठ. मोजणीत चूक झाली की बुवा बेच्या पाढ्यापासून पुन्हा म्हणायला लावत, तेही पाठ. तरी चुकला.

"केरबा, हाक मार."

मी पायऱ्यांच्या टोकावर जाऊन खच्चून ओरडलो. खाली फणसाच्या सावलीत गाडी उभी होती. तिच्यातून एक माणूस डोळे चोळत बाहेर आला आणि चढू लागला. वर पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"काय झालं, सायेब? निघायचं व्हय?"

"नाव काय तुझं?" बुवांनी विचारलं.

"इराप्पा जी."

"जेवलास का?"

"न्हाई. सायेब म्हणलं, आत्ता येतो. म्हणून बसलो हुतो."

"केरबा," बुवा म्हणाले, "तिघं झाली. पानं मांड."

मी पत्रावळी घेतल्या. पण बसायचं तरट सकाळीच धुवून वाळत घातलं होतं, ते अजून ओलं होतं. "बुवा, खाली घालायला काही नाही."

बुवा उठले. विश्रामच्या हातातलं खोकं त्यांनी सरळ काढून घेतलं, दोरी तोडली आणि शाल बाहेर काढली. चांगली भारी शाल होती, जरीच्या काठाची. एक झटका देऊन त्यांनी ती ओसरीवर लांब अंथरली. तिघं दाटीवाटीनं बसतील एवढी होती.

"अहो, ही सत्काराची शाल आहे!" विश्राम ओरडला.

"माझ्याच हातून घालायची होती ना? घातली."

इराप्पा मागं सरला. "ह्याच्यावर मी न्हाई बसायचा जी. पाय धुळीचं हैत."

"धू आणि बस."

त्यानं पाय धुतले आणि अंग चोरून एका कडेला टेकला. जुलेखा दुसऱ्या कडेला बसली. मध्ये जागा राहिली. मी मीठ वाढलं, लिंबाची फोड ठेवली, भात घातला. रीत अशी की तिन्ही पानांवर माणूस बसल्याखेरीज कुणी घासाला हात लावायचा नाही.

विश्राम उभाच.

"मी हिच्या पंगतीला बसणार नाही."

बुवा खांबाला टेकून बसले. मी पाहिलं, त्यांचा हात थरथरत होता. त्या वयात सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. मला विश्रामच्या कानशिलात दोन द्याव्याशा वाटल्या. खरंच वाटल्या. हाच पोरगा तापानं फणफणला होता तेव्हा ह्याच बुवांनी त्याला पाठुंगळी घेऊन डोंगराखाली नेलं होतं, आणि आज हा शहाणा त्यांना उपाशी ठेवून ताठ उभा होता!

भात पानातच आणखी निवत गेला...

इराप्पा भाताकडं बघायचं टाळत होता. जुलेखाही मान खाली घालून बसली होती. पण एकदा तिनं वर पाहिलं, आधी बुवांच्या हाताकडं, मग विश्रामकडं.

"सर," ती म्हणाली, "भांडण माझं आहे, ते मी सोडणार नाही. जेवून झाल्यावरही सोडणार नाही. पण बुवा जेवले नाहीयेत."

आणि ती थोडी सरकली.

विश्रामनं बुवांकडं पाहिलं. थरथरणारा हात बहुतेक त्यालाही दिसला. त्याचा जबडा घट्ट होता. राग उतरला नव्हता, ते मी शपथेवर सांगेन. त्यानं बूट काढले. पाय धुतले. आणि आपल्या सत्काराच्या शालीवर, दोघांच्या मध्ये, खांद्याला खांदा घासत मांडी घालून बसला.

"वाढ, केरबा," बुवा म्हणाले.

मी आमटी वाढली. तिघं जेवू लागले. इराप्पा भराभर, जुलेखा सावकाश. विश्रामचा पहिला घास घशात अडकला, तसा इराप्पानं आपला पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला.

निम्मं जेवण झाल्यावर विश्रामनं हात थांबवला. पत्रावळीकडं बघतच तो हळू आवाजात म्हणाला, "बुवा... उद्या याल ना?"

बुवांनी टाचायला नवं पान घेतलं.

"स्टेजवर खुर्च्या किती मांडल्यात?"